देवघरातले बिल्ले

'अरुंधती' अवकाशस्थानकावर एक देवघर होतं. पुण्याच्या नियंत्रण केंद्रातल्या आराखड्यात त्या जागेला 'आश्रयकक्ष' म्हणत, पण नाव भारदस्त असलं तरी जागा माळ्यावर ट्रंका सरकवून ठेवतात तेवढीच. स्थानकाच्या अगदी मधोमध एक अरुंद कपाट आणि त्याच्या चहूबाजूंनी पाण्याच्या जाड पिशव्या. सूर्यावर वादळ उठलं की सगळ्यांनी त्यात शिरून गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, एवढंच त्याचं काम. पण वादळं काही रोज येत नाहीत. पहिल्या तुकडीतल्या कुणीतरी तिथल्या मोकळ्या भिंतीवर गणपतीचं चित्र चिकटवलं, नंतरच्या कुणी वेलंकनी माता आणली, आणखी कुणी बोटभर उंचीचा बुद्ध आणला, आणि बघता बघता कपाटाचं देवघर झालं.

देवांच्या खाली हूक लावलेले होते. ते बिल्ल्यांसाठी. अवकाशात राहणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्यात एक छोटासा स्फटिक असतो. अंगावर जेवढा किरणोत्सर्ग पडेल तेवढी ऊर्जा तो मुकाट्याने साठवून ठेवतो आणि नंतर तापवला की ती उजेडाच्या रूपाने परत देतो. जितका उजेड जास्त, तितकी माणसाने किरणांची मात्रा जास्त खाल्ली. प्रत्येकाला जन्मभराची एक मर्यादा ठरवून दिलेली असते. ती संपली की उड्डाण संपलं. मग माणूस कितीही धडधाकट असो, त्याने खाली बसून इतरांना हात हलवून निरोप द्यायचा.

आता वर रोज व्यायाम करावा लागतो, आणि तिथे घाम गळत नाही, अंगालाच चिकटून फुगत जातो. बिल्ला भिजू नये म्हणून व्यायामाला जाताना तो काढून देवघरात टांगायची पद्धत पडली. परत येताना घ्यायचा. मग कधी घ्यायचा राहू लागला. मग राहिला तर बरंच, असं वाटू लागलं. पाण्याच्या भिंतीआड लटकलेल्या बिल्ल्याला किरणं फारशी लागत नाहीत, हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं. शिव्या द्याव्यात असा लबाड माणूस त्यांच्यात एकही नव्हता. प्रत्येकाला फक्त आणखी एकदा वर यायचं होतं.

डॉ. गार्गी साळसकर स्थानकाची डॉक्टर म्हणून आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात स्थानकप्रमुख रणजित मोहित्यांनी तिला ही पद्धत दाखवली होती. "बिल्ला देवापुढं ठेवायचा, डॉक्टरीणबाई. म्हणजे तो आपली काळजी घेतो." मोहिते कराडकडचे, पूर्वी हवाई दलात होते, आणि कुठलीही गोष्ट अशा सुरात सांगायचे की समोरच्याला आधी हसू यायचं. गार्गी हसली. महिन्याच्या शेवटी तिने बिल्ले गोळा केले, यंत्रात तापवले, आलेले आकडे पुण्याला पाठवले आणि खाली सही केली. पुढच्या महिन्यातही केली. तोवर तिचाही बिल्ला तिथेच लटकू लागला होता.

तिला कारण होतं. चांद्रतळावर जाणाऱ्या पहिल्या मुक्कामी तुकडीत डॉक्टर म्हणून तिची निवड झाली होती. चंद्रावर ना हवा ना चुंबकीय कवच, तिथे मात्रा भराभर चढते. म्हणून जिच्या खात्यावर जन्मभराची मर्यादा जवळजवळ शाबूत आहे अशीच डॉक्टर त्यांना हवी होती. गार्गीची आई कुडाळला शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावरही ती शाळेत जाऊन मुलांना चंद्राच्या नकाशावर बोट ठेवून सांगायची, की आमची गार्गी इथे राहणार आहे. हे आठवलं की गार्गीला बिल्ला हुकाला अडकवणं फारसं जड जात नसे.

पण खोट्या आकड्यांनाही पाय फुटतात. 'अरुंधती'वरून वर्षानुवर्षं कमी मात्रा येतेय हे पाहून पुण्याच्या तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला, की ही कक्षा आपण समजत होतो त्याहून निवांत आहे. मग मुक्काम लांबवले गेले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की आश्रयकक्षाभोवती एवढं पाणी नुसतं पडून आहे आणि टोकाच्या बागेतल्या भाज्यांना मात्र पाणी पुरत नाही. अर्ध्याहून जास्त पाणी बागेच्या टाकीत वळवण्याचा आदेश आला. त्या आदेशाच्या दिवशी मोहिते पिशव्या रिकाम्या करताना एक शब्द बोलले नाहीत, आणि गार्गीही बोलली नाही. बोलणार काय? पुण्याच्या गणितात चूक नव्हती. फक्त त्यांनी मोजलं होतं ते देवघर.

नंतर रक्तवाचक आला.

तो मालवाहू यानातून आलेला, जेवणाच्या डब्याएवढा. किरणं पेशीतली गुणसूत्रं तोडतात आणि पेशी ते तुकडे पुन्हा शिवते. पण घाईत शिवताना कधी याची बाही त्याच्या सदऱ्याला लागते, आणि ही चुकीची शिवण रक्तात बराच काळ तशीच राहते. रक्तवाचक एका थेंबातल्या लाखो पेशी तपासून अशा चुकीच्या शिवणी मोजत असे, आणि त्यावरून माणसाच्या अंगावर आजवर किती मात्रा पडली ते सांगत असे. बिल्ला काढून ठेवता येतो, रक्ताला काढून ठेवायला हूक नसतो. गार्गीने चाचणी म्हणून तिघांचे थेंब घेतले. निकाल आले तसे तिने यंत्राच्या आतच ठेवून दिले आणि पुण्याला कळवलं, की यंत्र अजून जुळवायचं आहे.

ते जुळवणं चालू असतानाच सूर्य बिघडला.

* * *

धोक्याची घंटा झाली तेव्हा तिघं न्याहारी करत होते. तिघं म्हणजे मोहिते, गार्गी आणि अभियंता अबीर तांडेल. अबीर रेवदंड्याचा, तिशीतला, बोलका आणि कमालीचा विसराळू. स्थानकाच्या बाहेर अवकाशपोशाखात लोंबकळून दुरुस्त्या करणं हे त्याचं आवडतं काम. बिल्ला देवघरात ठेवायचंही तो विसरायचा, त्यामुळे तिघांत त्याचाच आकडा नेहमी सर्वांत मोठा यायचा आणि मोहिते त्याला नास्तिक म्हणून चिडवायचे.

"आत चला," मोहिते म्हणाले. हातातली उपम्याची पिशवी त्यांनी भिंतीला चिकटवली आणि तिघं देवघरात शिरले.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सूर्याकडून येणारे बहुतेक कण बाजूला वळवतं. विषुववृत्तावर ही ढाल चांगली जाड असते. ध्रुवांवर मात्र ती उघडी पडते आणि कण सरळ आत घुसतात. 'अरुंधती' ध्रुवांवरचा बर्फ न्याहाळायला बांधलेली, त्यामुळे प्रत्येक फेरीत ती दोनदा त्या उघड्या दारावरून जायची. एरवी त्याचं काही वाटत नसे. वादळात मात्र प्रत्येक ध्रुव आला की कपाटात शिरायचं, ध्रुव मागे पडला की बाहेर यायचं, आणि हातपाय मोकळे होतात न होतात तोच पुढचा ध्रुव समोर हजर. अशा वेळी स्थानक सोडून खाली उतरण्याची सोय असते. पण परतीच्या कुपीची, म्हणजे खाली नेणाऱ्या छोट्या यानाची, शीतकनळी गेल्याच आठवड्यात फुटली होती आणि बदली कुपी यायला महिना तरी होता. तेव्हा जायला जागा नव्हती.

आत गेल्यावर अबीरचं कोपर गार्गीच्या बरगडीत आणि मोहित्यांचे गुडघे तिच्या पाठीत. भिंतीवरच्या पिशव्या सुरकुतून चिकटलेल्या. पूर्वी त्यांना पाठ टेकली की गार आणि भरीव वाटायचं, आता पाठीला मागचा पत्रा लागत होता. दाराशेजारच्या मोजणीयंत्राचा आकडा चढत होता. तो जिथे थांबेल असं गार्गीला वाटलं तिथे थांबला नाही.

"आतमध्येच एवढा?" अबीर म्हणाला. "मग बाहेर किती असेल?"

गणपतीखाली तीन बिल्ले हळूहळू हेलकावत होते. आज अबीरचाही तिथेच होता; सकाळी व्यायामानंतर तो घ्यायला विसरला होता.

ध्रुव मागे पडल्यावर पुण्याहून पद्मजा लोटलीकर बोलू लागल्या. त्या उड्डाणसंचालक, आवाज नेहमी सपाट, त्यामुळे बातमी बरी की वाईट हे वाक्य संपेपर्यंत कळत नसे. "ऐकताय ना? ही नुसती सुरुवात आहे. मुख्य लाट दोन-तीन फेऱ्यांत पोचेल. तिच्याआधी आश्रयकक्षाच्या पिशव्या भरलेल्या हव्यात. बागेतलं पाणी परत खेचा."

"बागेतला पंप बंद पडलाय, मॅडम," अबीर म्हणाला. "पहिल्या झटक्यातच त्याची चिप गेली. हातपंप आहे, पण हाताने पाणी ओढायचं म्हणजे वेळ लागणार."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. "हिशेब केलाय आम्ही. ध्रुव नसताना आळीपाळीने ओढलंत तरी पुरत नाही. पुढच्या दक्षिण ध्रुवावरही एकाला पंपावर थांबावं लागेल. तेवढी एक खेप मारली की पाणी पूर्ण भरतं."

बागेची भिंत पातळ होती. उजेड यावा म्हणून मुद्दामच तशी केलेली.

"कोण थांबणार?" मोहित्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत असावं, कारण त्यांनी पायातले मोजे वर ओढायला सुरुवात केली होती.

"नियमाप्रमाणे, सर. ज्याच्या नावावर मात्रा सर्वांत कमी तो. बिल्ल्यांवरून तुम्ही. डॉक्टरांची वैद्यकीय मान्यता लागेल, ती निघायच्या आधी घेते."

* * *

अबीर बागेत पंपावर होता. मोहिते आणि गार्गी देवघराबाहेरच्या बोळात नळीचे सांधे पिशव्यांना जोडत होते. हा बोळ दोघांना शेजारी राहता येणार नाही इतका चिंचोळा, म्हणून मोहिते सरळ आणि गार्गी त्यांच्या डोक्याकडे उलटी लटकलेली. नळीतून पाणी यायला लागलं होतं, पण अगदी बारीक. संपर्काचा माइक गार्गीने बंद केला.

"दादा, तुम्ही जायचं नाही."

"का गं? नियम आहे. माझा आकडा सगळ्यात कमी."

"तो आकडा तुमचा नाही. गणपतीचा आहे."

मोहिते हसले. सांधा आवळता आवळता म्हणाले, "मग माझा कुठला?"

"रक्तवाचकात आहे. मी पाहिलाय."

"बोल की मग."

गार्गीने आकडा सांगितला. मोहिते बराच वेळ तो एकच सांधा आवळत राहिले. तो केव्हाच घट्ट बसला होता. "आयला," ते हळू आवाजात म्हणाले. "एवढा?"

"मर्यादेच्या केव्हाच पुढे. तुम्ही सगळ्यांत जास्त दिवस वर राहिलात, आणि बिल्ला सगळ्यांत इमानाने तुम्हीच टांगलात."

"बरं. मग तर प्रश्नच मिटला. कुंपणाच्या बाहेर गेलोच आहे, आणखी दोन पावलं गेलो तर काय बिघडतंय? आणि हे बघ, माझं वय झालंय. कॅन्सर व्हायला वीस वीस वर्षं लागतात, असं तूच सांगतेस ना? वीस वर्षांनी मी तसाही ओसरीवर खोकत बसलेला असणार. उज्ज्वला वैतागलेली असेल."

"वीस वर्षांचं मी बोलतच नाही. तुमच्या पांढऱ्या पेशी आत्ताच उतरल्यात. हाडांतली मज्जा थकलीये, दादा. तिच्यावर आजची खेप एकदम पडली तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत साधा घसा सुजला तरी तो आवरणार नाही. इथे माझ्याकडे औषध नाही आणि खाली न्यायला कुपी नाही. तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर जाल आणि मी बघत बसेन."

मोहिते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचं मिश्कीलपण गेलं, आणि ते गेल्यावर तो चेहरा किती दमलेला आहे हे गार्गीला पहिल्यांदाच दिसलं.

"रक्तात सगळ्यात कमी कुणाचा?" त्यांनी विचारलं.

गार्गीने पुढचा सांधा हातात घेतला. तिचा दवाखाना पाण्याच्या भिंतीला लागून होता, आणि बाहेरच्या कामाला ती कधी गेली नव्हती.

"वाटलंच मला," मोहिते म्हणाले. "आणि तुझा आकडा चढला की चंद्र संपला. अबीरचं काय?"

"बाहेरच्या कामांनी त्याच्या अंगावर बरीच चढलीये. माझ्याहून खूप जास्त, तुमच्याहून कमी."

"मग ऐक. लोटलीकरबाई विचारतील, वैद्यकीय हरकत आहे का. तू 'नाही' म्हण. एवढा एकच शब्द. खाली गेल्यावर सांग, रक्ताचं यंत्र बिघडलं होतं म्हणून, नाहीतर ते समुद्रात टाक. तुझ्या आईनं त्या पोरांना नकाशा दाखवून ठेवलाय. मला या आठ वर्षांत पृथ्वी इतक्यांदा फिरून झालीये की आता आणखी काही बघायचं राहिलं नाही."

मोहिते सांगत होते ते तिला पटायला हवं होतं. तिला ते अगदी मनापासून हवं होतं, आणि याचीच तिला लाज वाटली. मोहिते खरंच म्हातारे होते, खरंच थकले होते, स्वतःहून जायला तयार होते. सगळं तिच्या सोयीचं होतं. हाच विचार तिने बिल्ला टांगताना केला होता, आणि प्रत्येक सहीच्या वेळी केला होता. त्या सह्या जमत जमत पिशव्यांतलं पाणी बागेत गेलं होतं. आता या कपाटात ती तिघं अडकली होती ती सूर्यामुळे कमी आणि आपल्या हातांनी जास्त.

"नळी धर," मोहिते म्हणाले. "सांधा गळतोय."

* * *

दक्षिण ध्रुव जवळ येऊ लागला. अबीर बागेतून परत आला तेव्हा त्याचे दंड थरथरत होते. देवघराच्या दारात तिघं दाटीवाटीने उभे राहिले. मोहित्यांनी देवांकडे एकदा पाहिलं, आणि हुकावरचा आपला बिल्ला काढून छातीला लावला.

"डॉक्टर," लोटलीकरांचा आवाज आला, "मोहिते सर पंपावर जात आहेत. वैद्यकीय हरकत?"

मोहित्यांनी गार्गीकडे पाहिलंसुद्धा नाही. दंडावरचा पट्टा ते सारखा करत होते. तिला सोपं जावं म्हणून.

"हरकत आहे," गार्गी म्हणाली.

"कारण?"

"बिल्ल्यांचे आकडे आमचे नाहीत. बिल्ल्यांचा दोष नाही, ते जिथे होते तिथलंच त्यांनी खरं सांगितलं. ते इथे आश्रयकक्षात टांगलेले असायचे. माझ्या आधीपासून, आणि माझ्या वेळीही. तुम्ही आजवर या कपाटाची मात्रा मोजत होता. आमची मोजलीच गेली नाही."

अबीर सुरकुतलेल्या पिशव्यांकडे पाहत होता. "ताई," तो सावकाश म्हणाला, "म्हणजे हे पाणी त्यांनी बागेत नेलं ते आपल्या बिल्ल्यांवरून?"

"हो."

"आणि तुम्हाला दोघांना माहीत होतं."

"हो, अबीर."

त्याला काहीतरी जोरात बोलायचं होतं. मग त्याची नजर हुकावरच्या आपल्याच बिल्ल्याकडे गेली आणि त्याने तोंड मिटलं.

"दर महिन्याच्या आकड्यांखाली तुमची सही आहे, डॉक्टर," लोटलीकर म्हणाल्या.

"आहे. त्याचं काय करायचं ते नंतर करा. रक्तवाचक पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालतोय. तिघांचे निकाल पाठवतेय." तिने बटण दाबलं. एवढ्या महिन्यांचं ओझं, आणि ते खाली जायला एक क्षण पुरला.

पुण्यात कुणीतरी भरभर गणित करत असणार. मोहिते तेवढ्यात तिच्या कानाशी म्हणाले, "काय केलंस हे, पोरी."

"डॉक्टर." लोटलीकरांचा आवाज तसाच होता, पण शब्दांमधलं अंतर वाढलं होतं. "मात्रा तुमची सर्वांत कमी आहे."

"माहीत आहे."

"मी तुम्हाला आदेश देऊ शकते, पण देणार नाही. चांद्रतळाचे निकष तुम्हाला पाठ आहेत. या खेपेनंतर त्यांत तुम्ही बसणार नाही, हेही तुम्हाला कळत असेल."

"कळतंय. मी निघते आहे." मग ती वळून म्हणाली, "दादा, तुम्ही गणपतीच्या कोपऱ्यात बसा, तिथे पाणी सर्वांत आधी भरतंय. अबीर, तू त्यांच्या शेजारी. हे डॉक्टर म्हणून सांगतेय. वाद नको."

मोहिते वाद घालणार होते. पण एवढा बोलघेवडा माणूस मुकाट्याने कपाटात शिरला.

* * *

बागेत मेथीचा वास भरून राहिला होता. टोमॅटोची रोपं कुठलीही दिशा वर मानून मनाला येईल तशी वाढलेली. गार्गीने पाय पट्ट्यांत अडकवले आणि पंपाचा दांडा धरला. ओढायचा, ढकलायचा. पाणी जड नव्हतं, वजन तर वर कशालाच नसतं, पण त्याला जागचं हलवायला आणि लांब नळीतून रेटायला ताकद लागायचीच.

ध्रुव आला तो कळलाच नाही. चटका नाही, आवाज नाही, साधी अंगावर शिरशिरीही नाही. ज्याला घाबरायचं त्याने निदान समोर यावं, एवढीही सोय या शत्रूपाशी नव्हती. मग डोळ्यांत पहिली ठिणगी चमकली. तिने डोळे मिटले, तर मिटल्या पापण्यांआड दुसरी, तिसरी, आणि मग एकसारख्या, बारीक पांढऱ्या रेघा. कण डोळ्याच्या पडद्यातून आरपार जाताना असा उजेड दिसतो, हे तिने कितीतरी जणांना शिकवलं होतं. प्रत्येक रेघ म्हणजे आत कुठेतरी काहीतरी तुटत होतं आणि कुठलीतरी बाही चुकीच्या सदऱ्याला लागत होती.

तिला आई आठवली. आईला हे कसं सांगायचं? मुलांना आईने काय सांगायचं? आणि मग तिला राग आला, स्वतःचा, त्या हुकांचा, देवापुढे ठेवलं की झालं अशा त्या हसऱ्या समजुतीचा. आणि त्या रागाच्या भरात दांडा बराच वेळ सोपा गेला.

"ताई," कानात अबीरचा आवाज आला, "पिशव्या टम्म होताहेत. आतला आकडा उतरायला लागलाय. थोडंच राहिलंय."

"दादा कुठे आहेत?"

"कोपऱ्यात आहेत, तुम्ही सांगितलंत तिथेच."

खांद्यांत गोळे आले होते. ती ओढत राहिली. रेघा हळूहळू विरळ झाल्या, मग अधूनमधून एखादी, मग नुसता अंधार. तिने डोळे उघडले. मेथी होती तशीच हिरवीगार होती.

* * *

मुख्य लाट आली तेव्हा तिघं देवघरात होते आणि भिंती पुन्हा गार नि भरीव झाल्या होत्या. गार्गी दाराशी बसली. मोहित्यांनी जागा बदलायचा हट्ट धरला, पण कपाटात बूड हलवायलाही वाव नव्हता, तेव्हा त्यांचा हट्ट जागच्या जागी राहिला. आत घामाचा आणि ओल्या रबराचा वास कोंडला होता. यंत्राचा आकडा चढला आणि सोसवेल तिथे थांबला. अबीरने सोडलेला श्वास गार्गीच्या मानेवर आला.

किती फेऱ्या झाल्या याचा त्यांनी हिशेब ठेवला नाही. बाहेर यायचं, पाणी प्यायचं, पुन्हा आत. पाय आखडले की एकमेकांचे चोळून द्यायचे. एकदा अबीर म्हणाला, "माझ्या आईला मी सांगितलं होतं की वर सगळं मोजून मापून असतं," आणि त्यावर मोहिते म्हणाले, "मला माफ कर रे," आणि अबीर बाहेरच्या दाराकडे बघत राहिला.

वादळ ओसरल्याची खात्री झाल्यावर लोटलीकर पुन्हा बोलल्या. त्यांच्या आवाजाला आता थोडी झोप कमी पडल्याची खरखर होती. "पंपावरच्या खेपेचा नेमका आकडा हवाय, डॉक्टर. त्यावरून पुढची सगळी गणितं नव्याने मांडायची आहेत. बागेची भिंत, पाणी, मुक्काम, सगळंच. तुमचा बिल्ला वाचून सांगा."

गार्गीने छातीकडे हात नेला. तिथे काही नव्हतं.

तिच्या मागे, गणपतीच्या कोपऱ्यात, मोहित्यांनी कानाशी हेलकावणारा एक बिल्ला दोन बोटांत धरला आणि त्यावरचं नाव वाचलं. "डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "हा इथंच राहिला गं."

सकाळी व्यायामाला जाताना टांगला होता. दादांची मज्जा, अबीरचा आकडा, पुण्याचं गणित, सगळं तिच्या लक्षात होतं. आणि ज्या एका खेपेला तिला खरंखुरं मोजून हवं होतं त्या खेपेला ती बिल्ल्याशिवायच गेली होती. आधी अबीरला हसू फुटलं. मग मोहित्यांना. गार्गीही हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. ते रडू गालांवरून ओघळेना, डोळ्यांवरच साचून राहिलं, म्हणून मोहित्यांनी आपल्या बाहीने ते टिपून घेतलं.

"डॉक्टर? बिल्ल्याचा आकडा?"

"बिल्ला देवघरात राहिला," गार्गी म्हणाली. "रक्ताचा देते. काही तास जाऊ द्यावे लागतील, शिवणी दिसायला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या बोटाला सुई टोचली. थेंब गोल होऊन बोटावर थरथरला, तो तिने यंत्राला दिला. अबीरने खिडक्यांची झाकणं उघडली होती आणि तो पंपाची चिप बदलायला बागेत गेला होता. मोहिते तिच्या शेजारी तरंगत राहिले. त्यांनी तिन्ही हूक भिंतीवरून उपटून काढले होते आणि आता त्यांना ते कुठे टाकावेत हे सुचत नव्हतं.

यंत्राने आकडा दाखवला. चंद्रासाठीची रेघ त्याच्या बऱ्याच खाली होती. चंद्र तर सोडाच, या मुक्कामानंतर तिलाही खाली बसून हात हलवायचा होता. काचेवर बोट ठेवून तिने तो दोनदा वाचला. मोहित्यांनी पाहिलं आणि दुसरीकडे तोंड वळवलं. माइक अजून बंद होता. आकडा थोडा इकडे, थोडा तिकडे. पुण्यात कुणाला काय कळणार होतं?

तिने माइक चालू केला आणि आकडा सांगितला.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "पुन्हा सांगाल का, डॉक्टर?" लोटलीकर म्हणाल्या. त्यांना नीट ऐकू आलं होतं हे गार्गीला कळलं. त्या तिला माघार घ्यायला जागा देत होत्या.

तिने तोच आकडा पुन्हा, सावकाश, एकेक अंक सुटा करून सांगितला.